काजळाच्या मिशा

फाल्गुन लागला की माझं डोकं फिरतं. लोकांना म्हणे या दिवसांत पळस दिसतो, मोहोर दिसतो, नाशकाच्या कोपऱ्याकोपऱ्यावर द्राक्षांच्या गाड्या दिसतात. दिसोत बापडे. मला फक्त ऐकू येतं. कुठंतरी लांब कुणीतरी हलगी तापवायला घेतो, दोन टिपऱ्या मारून बघतो, आणि माझ्या हातातलं भांडं आपटलं जातं. परवा दुधाचं पातेलं ओट्यावर इतक्या जोरात ठेवलं की अर्धं दूध शेगडीवर. आई आतून म्हणाली, "आला वाटतं शिमगा आमच्या घरी." आई पंच्याहत्तरीची आहे, पण टोमणा मारायला अजून विशीतली.

यंदाचा फाल्गुन दादांशिवायचा पहिला. दादा म्हणजे माझे वडील. पौषात गेले. साधा ताप आला, तीन दिवस झोपून होते, चौथ्या दिवशी सकाळी चहा मागितला आणि चहा होईपर्यंत गेले. भेटायला आलेल्या प्रत्येकानं एकच वाक्य म्हटलं, "फार शांत माणूस हो." दहा दिवस हेच ऐकत होते. अकराव्या दिवशी वाटलं, गॅलरीत उभं राहावं आणि ओरडून सांगावं, की अहो, या शांत माणसाचं डोकं तुम्हीच फोडलंत. याच गल्लीत, याच गॅलरीखाली. आणि तुम्हाला हाक मारून बोलावणारी मी होते.

नाही ओरडले. नऊ वर्षांत कुणाला सांगितलेलं नव्हतं. गल्लीचं सोडा, आईलाही नाही. दादांना सांगायचं होतं. उद्या सांगू, उद्या सांगू करता करता ते राहिलं ते राहिलंच.

दादा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या खात्यात होते. सबंध नोकरी तिथंच झाली. पाळी संपवून घरी आले की आधी मोरीत. कपड्याच्या साबणानं कोपरापर्यंत हात घासायचे, नारळाच्या शेंडीनं नखं. तरी नखांच्या कडेला काळी रेघ राहायचीच. म्हणून पुस्तकाचं पान ते करंगळीनं उलटायचे. करंगळी कोळशाला लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. प्लांटमधल्या यंत्रांतून आलेख काढलेले लांबच लांब कागद निघायचे, टाकून दिलेले. ते आणून पुस्तकांना कव्हर घालायचे. आमच्या घरातल्या कपाटात सगळ्या पुस्तकांच्या अंगावर लाल रेघांचे चढउतार आहेत. नाव बाहेर लिहिलेलं नसे. कुठलं पुस्तक कुठं ते त्यांना रेघांवरून कळायचं. आई म्हणायची, "या माणसाशी भांडायचं तर आधी त्यांचं प्रकरण संपू द्यावं लागतं. तोवर माझा राग निवून जातो." दादा मान वर करून हसायचे आणि पुन्हा खाली बघायचे.

अशा माणसाच्या पोटी मी कशी आले, देव जाणे. माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की समोरच्यानं पळ काढावा. लहानपणी होळीभोवती बोंब मारण्यात गल्लीत माझा हात कुणी धरत नसे. उलटा तळवा तोंडावर ठेवून मी सुरू केलं की पलीकडच्या आळीतले लोक म्हणायचे, "ती कोळसेवाल्यांची मंगल." शेजारच्या काकूंनी एकदा दादांकडे तक्रार केली, पोरीच्या जातीनं असं बोंबलावं का? दादा जिन्याखाली खुर्ची टाकून वाचत होते. म्हणाले, "आवाज आहे तर मारू दे की." एवढंच. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता त्या वाक्याचा!

शिमगा कोवळा सण नाहीच. ज्यांना तो रंगांचा, प्रेमाचा वगैरे वाटतो त्यांनी जुन्या नाशकात येऊन पाहावं. दुसऱ्याच्या दारातली लाकडं पळवायची, त्यावरून डोकी फुटेस्तोवर भांडायचं. रंगात ऑईलपेंट मिसळायचा. अंडी फेकायची. वर्षभराची खुन्नस एका दिवसात उतरवून घ्यायची आणि वर "बुरा न मानो" म्हणायचं. ऊन तर असं, की दुपारी फरशीवर पाय ठेववत नाही. या सगळ्यातून धुळवडीच्या दिवशी ऊन उतरताना वीर निघतात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कुणाच्या घराण्यातलं कुणी लढाईत पडलेलं असतं, कुणी दुसऱ्याला वाचवताना, कुणी अवेळी. त्यांचे चांदीचे टाक करून देव्हाऱ्यात ठेवतात. घोडा, घोड्यावर माणूस, माणसाच्या हातात तलवार. आमच्याकडे धुळवडीला हे टाक खोबऱ्याच्या वाटीत घालून, लाल कापडात बांधून, वाजतगाजत गंगेवर नेतात. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. तिथं वीरांना आंघोळ घालायची आणि नाचवत परत आणायचं. घरातल्या लहान मुलांनाही वीर करतात. फेटा, अंगरखा, कमरेला लाकडी तलवार, ओठांवर काजळाच्या मिशा. खेड्यापाड्यांतून लोक येतात. गल्लीबोळ माणसांनी भरून वाहतात. मेलेल्यांना वर्षातून एकदा गावातून फिरवून आणायचं, ही कल्पना दादांना फार आवडायची. म्हणायचे, "बघ, यांचं नाव कुठल्या पुस्तकात नाही. पण दरसाल कोणीतरी काढतंच."

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या शिमग्यात हवेत आणखी एक विष होतं. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ. कुठल्या गावचे, कधीचे, खरे की खोटे, कुणी विचारत नव्हतं. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. मी दोन गल्ल्या पलीकडे दिलेली, पण सणाला माहेरीच. त्या दिवशी सकाळपासून मी तोच व्हिडिओ चारदा पाहिला होता आणि मुलाला जिन्याच्या खाली उतरू दिलं नव्हतं. दादांना दाखवायला गेले, तर त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "हे कोणी लिहिलंय ते कुठं आहे यात?" मी वैतागले. म्हटलं, "दादा, प्रत्येक गोष्टीला लेखक नसतो." ते पुन्हा त्यांच्या जागेवर, जिन्याखाली मीटरच्या बोर्डाजवळ जाऊन बसले. तिथं रंग पोचत नाही आणि दिव्याचा उजेड चांगला, म्हणून धुळवडीला त्यांची खुर्ची तिथं असायची.

चार-साडेचारला मी गॅलरीत आले. खाली वाजपाची, हलगी-ताशांची गर्दी नुकतीच पुढे सरकली होती. मागून एक माणूस धावत येत होता. घामानं निथळलेला, सदऱ्याचं बटण तुटलेलं, अनोळखी. खांद्यावर फेटा बांधलेलं, मिशा काढलेलं पोरगं. ते पोरगं गळा काढून रडत होतं आणि दोन्ही हात मागच्या बाजूला पसरत होतं. माणूस या बोळात बघायचा, त्या बोळात बघायचा.

मी विचार केला असं म्हणणं खोटं होईल. पोटातून आवाज आला आणि तोंडातून बाहेर पडला.

"अरे धरा त्याला! पोरगं पळवतोय!"

धरला. आमच्या गल्लीला काय, निमित्तच हवं होतं. सकाळपासून भांग प्यालेले, हात शिवशिवणारे पंधरा-वीस जण. एकानं कॉलर धरली. "कुणाचं पोरगं रे हे?" माणूस धापा टाकत म्हणाला, "माझी पोरगी हाय." मग कुणीतरी खो खो हसलं. "पोरगी? मिशावाली पोरगी? ऐका रे, याला पोरगं का पोरगी ते पण माहीत नाही!" आणि पहिली थप्पड बसली.

त्याला दुसरं वाक्यच बोलू दिलं नाही. पोरगं खांद्यावरून हिसकावलं, कुण्या बाईच्या हातात दिलं, तिनं धावत वर आणून माझ्या मांडीवर टाकलं, की गर्दीपासून वर सुरक्षित राहील. खाली ठोसे, लाथा. कुणीतरी अर्धवट जळालेलं होळीचं लाकूड आणलं. मारण्याचा आवाज हलगीसारखा नसतो. ओल्या गादीवर काठी मारावी तसा असतो, बद् बद्, आणि मधूनच हाडाचा वेगळा. तो माणूस ओरडतही नव्हता. दोन्ही हात डोक्यावर घेऊन मुटकुळं करून पडला होता आणि माझ्या गॅलरीकडे बघायचा प्रयत्न करत होता.

मी पदरानं पोराचं तोंड पुसत होते. काजळ फिसकटलं, मिशा गेल्या. फेटा सुटला आणि आतून दोन इवल्या वेण्या बाहेर पडल्या, लाल रिबिनीच्या. कानांत बारीक बाळ्या. तिनं गॅलरीच्या गजांतून खाली बोट दाखवलं आणि म्हणाली, "पप्पा."

मी उभी राहिले. ओरडले. "सोडा त्याला! अरे सोडा, त्याचीच पोरगी आहे! थांबा!" तोच आवाज होता माझा, तितकाच मोठा, त्याहूनही मोठा. एकानंही वर पाहिलं नाही. धरा म्हटल्यावर वीस माणसं धावली होती. थांबा म्हटल्यावर एक थांबला नाही.

तेव्हा जिन्यातून दादा बाहेर आले. हातात पुस्तक तसंच, बोट पानात घातलेलं. मला वाटलं, ते काहीतरी बोलतील. पण आयुष्यात ज्यानं कधी रेशनच्या रांगेत धक्काबुक्की केली नाही, तो माणूस त्या घोळक्यात वाकून शिरला आणि त्या माणसाच्या अंगावर पालथा पडला. अंगावर पांघरूण टाकावं तसे पडले. उगारलेलं लाकूड कुणाचं होतं ते मला आजही माहीत नाही. ते खाली आलं ते दादांच्या डोक्याच्या मागच्या बाजूवर.

मग मात्र कुणीतरी किंचाळलं, "अरे, दादा आहेत!" मिनिटभरात गल्ली रिकामी. सगळे शूर आपापल्या दारांआड. गटारीच्या फरशीवर गुलाबी पाणी होतं, त्यात आणखी एक लाल मिसळत होतं. पुस्तक तिथंच पालथं. आणि दादांना रिक्षात कुणी घातलं? त्याच माणसानं. त्याचा डावा हात मोडून लोंबत होता. उजव्या हातानं त्यानं दादांना बगलेत धरून उचललं. मी खाली पोचले तेव्हा तो मला म्हणत होता, "ताई, तेवढी माझी पोरगी द्या." मी दिली.

त्याचं नाव शांताराम. विंचूरकडच्या एका खेड्यातला. कांदा मार्केटात हमाली करायचा. भावाच्या हातात घराण्याचा वीर होता, तो वाजपाबरोबर पुढे गेला आणि हा पोरीला घेऊन बोळात चुकला. त्याला मुलगा नव्हता. भावकीतले म्हणायचे, तुझ्या घरातून वीर कोण होणार? म्हणून हौसेनं त्यानं चार वर्षांच्या वैष्णवीला वीर केलं होतं. काजळाच्या मिशा त्यानं स्वतः काढल्या होत्या.

दवाखान्यात दोघांच्या खाटा शेजारी शेजारी. तिसऱ्या दिवशी दादा उठून बसले, आईला ओळखलं, मला ओळखलं, पेज प्यायले. आम्हाला हायसं वाटलं. मी ते पुस्तक धुऊन, पान पान सुटं करून, उन्हात वाळवून नेलं होतं. लाल रेघांचं कव्हर गुलाबी झालं होतं. दादांनी ते हातात घेतलं, करंगळीनं पान उलटलं, आणखी एक उलटलं. मग अगदी सहज विचारलं,

"हे कुठल्या भाषेतलं आणलंस? गुजराती आहे का?"

डॉक्टरांनी सांगितलं, डोळे उत्तम आहेत. दिसतं सगळं. पण अक्षरं ओळखणारा जो भाग असतो मेंदूतला, तिथं मार लागलाय. गंमत अशी, की दादांना लिहिता यायचं. पूर्वीसारखंच सुंदर, टपोरं. पण लिहून झालं की स्वतःचं लिहिलेलं स्वतःला वाचता यायचं नाही. किराण्याची यादी करायचे आणि कागद माझ्यापुढे धरायचे, "काय लिहिलंय बघ गं मी." मी वाचायची. तूरडाळ. साबण. शेंगदाणे. ज्या माणसाचा सगळा जन्म वाचण्यात गेला त्याला मी तूरडाळ वाचून दाखवत होते.

पोलीस आले होते चौकशीला, दवाखान्यातच. चिथावणी कुणी दिली, पहिली आरोळी कुणी मारली? मी दाराशी उभी होते, हातात थर्मास. दादा म्हणाले, "गर्दीत कळलं नाही साहेब." शांतारामला विचारलं. तोही म्हणाला, "नाय समजलं." मी थर्मास टेबलावर ठेवला आणि बाहेर जाऊन ओकले. पण बोलले नाही. घरी पाच वर्षांचं पोर आहे, असं मनाशी म्हटलं. भित्र्या माणसाला कारण सापडतंच.

त्यानंतर नऊ वर्षं रोज संध्याकाळी मी दादांना वाचून दाखवलं. सून-मुलगी करते तशी सेवा नव्हती ती, शिक्षा होती. मीच मला दिलेली. आणि मी वाचणारी कशी? घाईची. वर्णनं आली की उड्या मारायची. कादंबरीतली माणसं मूर्खासारखी वागली की त्यांना शिव्या द्यायची. दादा डोळे मिटून ऐकायचे. एकदा एका कादंबरीत जमाव एका माणसाच्या घराला वेढा घालतो, असं प्रकरण आलं. मी पानं उलटली आणि गोष्टीतल्या पुढच्या सकाळपासून सुरू केलं. दादा डोळे न उघडता म्हणाले,

"चार पानं गाळलीस."

"नाही हो."

"मी तीनदा वाचलंय ते पुस्तक, मंगल. वाच."

वाचलं. दगड, मशाली, दार फुटल्याचा आवाज. शेवटी एक बाई खिडकीतून ओरडते तिथं माझा आवाज फुटला. पुस्तक मिटून म्हटलं, "दादा, त्या दिवशी गॅलरीतून..."

"पुढे वाच," दादा म्हणाले.

इतक्या हळू आवाजात कुणी कुणाचं तोंड बंद केलं नसेल. त्यांना ऐकायचं नव्हतं, की त्यांना कळलं नव्हतं मी काय सांगतेय, की गोष्टीच्या मध्ये बोललेलं त्यांना खपत नसे म्हणून, मला कळलं नाही. मी पुढे वाचलं. पुन्हा कधी तो विषय काढायचा धीर झाला नाही.

शांताराम दरवर्षी धुळवडीच्या आदल्या दिवशी येऊन जायचा. एकटाच. पिशवीत कांदे नाहीतर हरभऱ्याचे घाटे. दादांच्या समोर बसायचा, दोघं फारसं बोलायचे नाहीत. मी चहा ठेवायची आणि आत पळायची. त्याचा डावा हात कोपरात सरळ होत नाही. कपबशी तो उजव्या हातानंच घ्यायचा. तो हात मी कधी नीट पाहिला नाही. पाहवत नसे.

यंदा येणार नाही असं वाटलं होतं. दादाच नाहीत, कुणाकडे येईल? दुपारी बेल वाजली तर दारात एक मुलगी. तेराएक वर्षांची, उंच, शाळेची बॅग छातीशी धरलेली. मला वाटलं, काही विकायला आली. "पप्पा येतायत," म्हणाली. मिनिटभरानं जिन्यात पावलं वाजली आणि शांताराम वर आला. केस पार पिकले होते. दादांच्या फोटोपुढे बराच वेळ उभा राहिला, मग आईच्या पायाशी बसला.

"आई, एक मागायला आलोय. नाय म्हनू नका."

"माग की."

"दादान्ला आमच्या वीरांत घ्यायचं हाय. टाक करायला टाकला नाय अजून, तुमच्या इचाराबिगर कसा टाकनार? आमच्या घराण्यात दरसाल नाचवू. ही वैशू धरंल."

आईनं डोळ्याला पदर लावला, पण गप्प बसेल तर ती आई कसली. "अरे, पण हातात तलवार देऊ नका हो त्यांच्या. भाजी चिरायला सुरी दिली तर बोट कापून घ्यायचे." शांताराम हसला. मुलगीही हसली. आई म्हणाली, "न्या. जन्मभर घरात बसून राहिला माणूस. तेवढंच गावात फिरणं होईल." आणि मग ती हुंदके देऊन रडायला लागली.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आत पळायला पाय उचलला आणि मला माझीच किळस आली. नऊ वर्षं आत पळतेय. ज्याला सांगायचं होतं तो गेला. हाही असाच जाईल कधीतरी. मी त्याच्यासमोर येऊन उभी राहिले आणि आईच्या देखत म्हटलं,

"शांतारामभाऊ, त्या दिवशी धरा म्हणून ओरडली ती मी. तुमचा हात माझ्यामुळे गेला. दादांचं वाचन माझ्यामुळे गेलं."

आईचा हुंदका थांबला. शांताराम जमिनीकडे बघत होता.

"ठाव हाय, ताई."

"कुणी सांगितलं?"

"दादांनीच. दवाखान्यात, दुसऱ्या दिशी, तुमी कुनी जवळ नव्हता तवा. त्यान्ला नीट बोलताबी येत नव्हतं. म्हनले, वरडली ती माझी पोरगी हाय, तिचा आवाज मला ठाव हाय. तिच्या वतीनं मी हात जोडतो. आन् खरंच जोडले, सलाईन लावल्याले. मंग पोलिसांला आमी दोघंबी नाय म्हनलो."

माझ्या अंगाचा जाळ झाला. लोकांना वाटेल, मी रडले असेन, सुटल्यासारखं वाटलं असेल. छे! मला दादांचा इतका राग आला की समोर असते तर गदागदा हलवलं असतं. नऊ वर्षं! रोज संध्याकाळी समोरासमोर बसून! तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला सांगू दिलं नाहीत? माझ्या वाटचे हात तुम्ही का जोडलेत? मला हात नव्हते? शांत माणसं अशी दुष्ट असतात. ती आपल्याला भांडूही देत नाहीत. आईकडे पाहिलं तर ती म्हणाली, "मला वाटलंच होतं," आणि कपाटाकडे, त्या लाल रेघांच्या पुस्तकांकडे बघत बसली.

मग मी मुलीसमोर गेले. हे तरी माझं मला करायचं होतं, दुसऱ्या कुणी माझ्यासाठी केलेलं चालणार नव्हतं. तिच्यापुढे हात जोडले. "वैष्णवी, तू माझ्या मांडीवर होतीस तेव्हा. मला माफ कर."

ती घाबरली. बापाकडे बघितलं. "मला काही आठवत नाही काकू," म्हणाली. शहरातल्या शाळेत शिकते, बोलणं स्वच्छ. मग बॅगेचा बंद पिळत, तक्रार केल्यासारखं नाही, सांगायचं म्हणून सांगितलं, "पण पप्पा मला बाहेर हात लावत नाहीत. लहान होते तेव्हापण उचलून घ्यायचे नाहीत. शाळेत सोडायला येतात तर रस्त्याच्या पलीकडून चालतात."

"गप गं," शांताराम म्हणाला. आणि मला म्हणाला, "तसं काय नाय, ताई. पोरगी मोठी झाली आता."

रिक्षा स्टँडपर्यंत पोचवायला मी खाली उतरले. वैष्णवी पुढे, मी तिच्यासोबत. शांताराम जिन्यातच थांबला, चपलेचा अंगठा सारखा करत. आम्ही चार दुकानं पुढे गेलो तेव्हा कुठं निघाला. गल्लीत होळीची तयारी चाललेली. गोवऱ्यांच्या माळा, साखरेची कडी, एरंडाच्या फांद्या, पिचकाऱ्यांचे ढीग. चौकात पोरं हलगी तापवत बसलेली. एक मोटरसायकल मुलीला इतकी घासून गेली की ती माझ्या अंगावर आली. मी मागे वळून ओरडले, "अहो शांतारामभाऊ, हात धरा ना तिचा! केवढी गर्दी आहे!"

तो आला नाही. जागच्या जागी उभा राहिला. आधी त्यानं वर पाहिलं. डावीकडच्या गॅलऱ्या, मग उजवीकडच्या. बायका दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या, कुणी मोबाइलवर बोलत होतं, कुणी आमच्याकडे बघत होतं. सगळ्या गॅलऱ्या पाहून झाल्यावर तो दोन पावलं जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला,

"तुमीच धरा, ताई. बाईमानसाला कोन इचारत नाय."

मी धरला. तिचा तळवा घामेजला होता आणि बोटं माझ्याहून लांब होती. स्टँड येईपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही. तिचा बाप दहा-बारा पावलं मागून येत राहिला.